रखमाबाईंचा खटला आणि कलम ९

विभक्त राहणाऱ्या जोडीदाराने नांदावयास यावे, असा अर्ज रायपूरच्या कुटुंब न्यायालयात आजही करता येतो. या हक्काला सर्वांत गाजलेले आव्हान मुंबईच्या रखमाबाईंनी दिले. १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाला. पण त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो १८८५ मध्ये फेटाळला. अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतिगृही जावे अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. टिळक तेव्हा त्यांच्या विरोधात होते, हे विसरून चालणार नाही. संमतीविना झालेला बालविवाह रद्द करण्याचा मार्गच नव्हता. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली.

पुढे लंडनहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाईंनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या निवर्तल्या. चारच महिन्यांपूर्वी हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. बळजबरीने वा फसवणुकीने झालेला विवाह कलम १२ अन्वये रद्द होऊ लागला. दादाजींचा दावा मात्र कलम ९ च्या रूपाने कायम राहिला. बालविवाह रद्द करून घेण्याचा हक्क देणारा कायदा २००६ मध्ये झाला.