मातीतले सोने शोधणारे डॉ. सुब्बाराव

माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तरीही ज्यांच्या औषधांनी घरोघरची मुलेबाळे वाचली, त्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. घरची गरिबी. तेराव्या वर्षी, काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत म्हणून पोरगा घरून पळाला. आई वेंकम्मांनी त्याला परत आणून शाळेत बसवले. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन तो तिसऱ्यांदा पास झाला. पुढे दोन भाऊ संग्रहणीने दगावले. १९१९ साली लग्न झाले, आणि डॉक्टरीच्या शिक्षणाला सासऱ्यांनी हातभार लावला.

१९२२ साली ते अमेरिकेस गेले. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. मुलगा झाला, तोही तान्हेपणीच गेला. बापलेकांची भेट झालीच नाही. परदेशात सुब्बारावांनी पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीला रोग्यांची भांडी धुतली आणि अभ्यास चालू ठेवला. १९४० साली ते लेडर्ली कंपनीत गेले. गरोदर बायकांना आज जी फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ते द्रव्य त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ साली प्रयोगशाळेत तयार केले.

आता मातीची गोष्ट. पहिल्या पावसाचा वास आपल्याला किती आवडतो! तो बहुतांशी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जंतूंमुळे येतो. हे जंतू असे काही द्रव्य सोडतात की शेजारचे इतर जंतू वाढत नाहीत. १९४३ साली वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अशाच जंतूपासून क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. त्याआधी मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांवरच मुख्य भिस्त असे.

सुब्बारावांनी सत्तरी उलटलेल्या डॉ. डग्गर यांच्याकडे हे शोधाचे काम दिले. ठिकठिकाणची माती मागवून तपासली. मिसुरी येथील एका गवताळ तुकड्यातल्या मातीत सोनेरी रंगाचा जंतू सापडला. त्यापासून झालेले ऑरिओमायसीन १९४८ साली जगापुढे आले. हे औषध रोगजंतूंना वाढीसाठी लागणारी प्रथिने बनवू देत नाही, म्हणून ते अनेक रोगांवर चालले. टेट्रासायक्लिन घराण्यातले ते पहिले औषध होय.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी सुब्बाराव वारले. मायदेशी परतणे झालेच नाही. पुढे आपल्या पिंपरीच्या मातीतल्या जंतूपासूनही, तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात, बुरशीवरचे हॅमायसीन निघाले. कृष्णाकाठची आपली काळी मातीही अशा जिवांनी भरलेली आहे.

सुब्बारावांची थोरवी मोठीच. पण पळालेल्या लेकराला परत आणणारी आई आणि वाट पाहत राहिलेल्या शेषगिरीबाई यांच्यावाचून हे चरित्र अपुरे आहे. त्यांना कोणी पदक दिले नाही. निदान आपल्या मंडळाच्या पानावर त्या दोघींची नावे असावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.