वॉर्साचा ज्यू, औंधचा भारतानंद

फैजपूरचे नाव निघाले की खानदेशी माणसाची मान आजही ताठ होते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन तेथे भरले आणि खेड्यांच्या स्वराज्याचा विचार देशभर गेला. जेमतेम दोन वर्षांनी साताऱ्याकडच्या औंध संस्थानात हा विचार प्रत्यक्ष राज्यकारभारात उतरला. तो उतरवणाऱ्यांत भगव्या वस्त्रातला एक गोरा माणूस होता. त्याचे नाव मॉरिस फ्रीडमन.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पोलंडमधील वॉर्सा शहरात, एका गरीब ज्यू कुटुंबात फ्रीडमन यांचा जन्म झाला. शहरावर तेव्हा रशियाच्या झारचा अंमल होता. ज्यूंच्या वस्तीत घरात यिडिश, प्रार्थनेत हिब्रू आणि बाजारात पोलिश चाले. कोकणातले आपले बेने इस्राएल, म्हणजे 'शनिवार तेली', शनिवारी घाणा बंद ठेवत; तसाच इथलाही शनिवार कामाविना जाई. दुसऱ्या महायुद्धापूर्वी वॉर्सात साडेतीन लाखांच्या आसपास ज्यू होते. शहरातला जवळपास दर तिसरा माणूस ज्यू होता.

फ्रीडमन विजेचे इंजिनिअर झाले आणि पॅरिसला गेले. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांना बंगलोरच्या सरकारी विद्युत कारखान्यावर आणले. पण भारतात येऊन त्यांचे मन पगारात रमले नाही. ते रमण महर्षींकडे जाऊ लागले, स्वामी रामदासांकडून संन्यास घेऊन भारतानंद झाले. गांधीजींच्या सहवासात आल्यावर या इंजिनिअरने सूत कातण्यासाठी सुटसुटीत धनुष तकली सिद्ध केली.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका उभा राहायचा आणि त्यावर राज्याची सभा, अशी ती रचना होती.

त्याच सुमारास आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसले. ही कैद्यांची वसाहत. तिला तट नव्हता. शिक्षा झालेली माणसे तेथे बायकामुलांसह राहून शेती करू लागली. पुढे १९५७ मध्ये व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला याच प्रयोगातून प्रेरणा मिळाली.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये घुसले. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्साच्या ज्यूंना भिंतीआड कोंडण्यात आले. त्या कोंडवाड्यात एके काळी चार लाखांहून अधिक माणसे होती. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक जणांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले गेले. १९४३ मध्ये उरलेल्यांनी बंड केले, तेव्हा सारी वस्ती जाळून टाकण्यात आली. पोलंडच्या तेहेतीस लाख ज्यूंपैकी सुमारे तीस लाख या संहारात गेले. ज्या शहरात निरपराधांभोवती भिंत उभी राहिली, त्याच शहराच्या मुलाने आपल्या माणदेशात अपराध्यांभोवतीची भिंत काढून टाकली होती.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. याच काळात, १९४४ मध्ये, फ्रीडमन यांनी वांडा डिनोव्स्का या पोलिश विदुषीबरोबर भारतीय विचार पोलिश भाषेत नेणारी ग्रंथमाला सुरू केली. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले, तेव्हा त्यांच्यासाठीही हे दोघे धावले. घर हरवणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

उतारवयात ते मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांकडे जात. विडीचे दुकान चालवलेल्या या सत्पुरुषाचे मराठी बोल त्यांनी ध्वनिफितींवरून इंग्रजीत आणले आणि १९७३ मध्ये ते ग्रंथरूपाने निघाले. त्यातून खेतवाडीची ती छोटी खोली जगाला ठाऊक झाली. त्याच दशकात मुंबईतच फ्रीडमन यांनी देह ठेवला.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि ती घटनाही इतिहासजमा झाली. फ्रीडमन यांचा पुतळा कुठल्या चौकात दिसत नाही. पण माणसावर विश्वास टाकला तर कुलूप लागत नाही, हे त्यांनी आटपाडीच्या माळावर दाखवून दिले. आपल्या माणसांच्या संहाराला याहून सणसणीत उत्तर दुसरे कोणते असेल?