विजेला वाट देणारा अभियंता

वाहत्या पाण्याची शक्ती डोंगरदऱ्यांत असते. कारखाने व दिवे मात्र नगरांत असतात. ही दोन टोके तारेने जोडण्याचा ध्यास ज्याने घेतला, तो थोर अभियंता म्हणजे ऑस्कर फॉन मिलर होय.

जर्मनीतील म्युनिक नगरात ७ मे १८५५ रोजी मिलरचा जन्म झाला. त्याचे वडील काशाचे पुतळे ओतणारे नामांकित कारागीर होते. मिलरने स्थापत्याचे शिक्षण घेतले. परंतु १८८१ साली पॅरिस येथे भरलेले विजेचे प्रदर्शन पाहून त्याचे मन विजेकडे ओढले गेले. पुढच्याच वर्षी त्याने म्युनिक येथे तसेच प्रदर्शन भरविले. मार्सेल देप्रे या फ्रेंच अभियंत्याने तेथे ५७ किलोमीटर दूरच्या मीसबाख गावाहून तारायंत्राच्या तारेने वीज आणली. तिने प्रदर्शनातील पंप चालला खरा. परंतु गळक्या घागरीतील पाण्याप्रमाणे बहुतेक शक्ती वाटेतच नाहीशी झाली.

असे का व्हावे? तारेतून मोठा प्रवाह वाहिला की तार तापते आणि शक्ती व्यर्थ जाते. विजेचा दाब वाढविला, तर तेवढीच शक्ती लहान प्रवाहाने नेता येते. परंतु दाब वाढला की वीज खांबावाटे जमिनीत शिरू पाहते. तिला तारेतच कसे राखावे, हा खरा प्रश्न होता.

१८९१ साली फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनाची सूत्रे मिलरकडे आली. नेकार नदीवरील लाउफेन गावाहून १७५ किलोमीटर अंतरावर वीज आणण्याचा त्याने निश्चय केला. अनेक जाणत्यांना ही गोष्ट अशक्य वाटत होती. प्रयोग फसता, तर दूरच्या जलशक्तीवरील लोकांचा विश्वासच उडाला असता. मिलर डगमगला नाही. वाटेतील राज्यांच्या अनुमती त्याने मिळविल्या. सुमारे ३,००० लाकडी खांब उभे राहिले. त्यांवर चिनी मातीच्या रोधकांच्या आधाराने तांब्याच्या तीन तारा ताणल्या गेल्या. पावसाने रोधक भिजला तरी विजेला खाली वाट मिळू नये, म्हणून त्याच्या आतील खाचेत तेल भरले होते. दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की व ब्राउन या अभियंत्यांनी यंत्रे सिद्ध केली. विजेचा दाब सुमारे १५,००० व्होल्टपर्यंत चढविण्यात आला.

ऑगस्ट महिन्यात फ्रँकफुर्ट येथे शेकडो दिवे उजळले आणि पंपाच्या बळावर एक कृत्रिम धबधबा कोसळू लागला. लाउफेनच्या नदीची शक्ती जणू दूरच्या नगरात पुन्हा पाणी होऊन वाहू लागली! मोजणी केली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश शक्ती सुखरूप पोहोचल्याचे आढळले. शंकेखोरांना परस्पर उत्तर मिळाले.

पुढे मिलरने बव्हेरियात वाल्खेनसे सरोवरावरील वीजकेंद्राच्या उभारणीत पुढाकार घेतला; ते १९२४ साली सुरू झाले. सामान्य जनांना विज्ञान कळावे म्हणून १९०३ साली त्याने म्युनिक येथे भव्य संग्रहालयही स्थापिले. ९ एप्रिल १९३४ रोजी त्याचे निधन झाले.

आज लाकडी खांबांच्या जागी पोलादी मनोरे आले आहेत आणि दाब लाखो व्होल्टपर्यंत चढला आहे. तरीही मोठा दाब, लहान प्रवाह व भक्कम रोधक हे लाउफेनच्या तारांचे तत्त्व कायम आहे. शेतातून जाणाऱ्या उंच मनोऱ्यांवर रोधकांच्या माळा दिसल्या, म्हणजे या धीराच्या अभियंत्याचे स्मरण अवश्य करावे.