जॅकलिन द्यू प्रे : एक कॉन्चेर्टो, दोन ध्वनिमुद्रणे

ऑगस्ट १९६५. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये एडवर्ड एल्गार यांच्या ई मायनरमधील चेलो कॉन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण चालू होते. वादक जॅकलिन द्यू प्रे अवघी २० वर्षांची, तर संचालक सर जॉन बार्बिरोली पासष्टीचे. पहिल्या महायुद्धाने खिन्न झालेल्या एल्गार यांची ही रचना ऑक्टोबर १९१९ मध्ये प्रथम सादर झाली, तेव्हा अपुऱ्या तालमींमुळे ती फसली होती. त्या दिवशी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या चेलोवादकांत तरुण बार्बिरोली बसले होते. आता त्याच वाद्यवृंदापुढे ते संचालक म्हणून उभे होते.

जॅकलिनचा जन्म ऑक्सफर्डचा, २६ जानेवारी १९४५ चा. चौथ्या वर्षी रेडिओवर चेलो ऐकून तिने तेच वाद्य हवे असा हट्ट धरला. पुढे विल्यम प्लीथ यांच्यासारखा गुरू लाभला. १९६१ मध्ये विगमोर हॉलमध्ये तिचे पदार्पण झाले आणि पुढच्याच वर्षी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तिने एल्गार वाजवला.

एल्गार यांनी स्वतः १९२८ मध्ये बिअट्रिस हॅरिसन हिला घेऊन केलेले मुद्रण ऐकले, तर जॅकलिनचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. तिथली चाल झपाट्याची, भावना आवरलेली. जॅकलिन मात्र स्वरावर रेंगाळते. एका सुरावरून दुसऱ्यावर ती अशी घसरत जाते की आपल्याकडील मींडेची आठवण व्हावी. आरंभीच्या चार स्वरसंघातांतच तिच्या गजाचे वजन जाणवते.

नोव्हेंबर १९७० मध्ये फिलाडेल्फियाच्या मैफलीत पती डॅनियल बॅरनबॉइम यांच्या संचालनाखाली तिने पुन्हा हीच रचना वाजवली. ते मुद्रणही उपलब्ध आहे. त्यात लय अधिक ताणलेली, आवेग अधिक मोकळा आहे. पण बार्बिरोली यांनी वाद्यवृंदाला जो श्वास दिला होता, तो येथे तितकासा सापडत नाही. माझे मत पहिल्याच्या पारड्यात पडते.

हे स्वर ऐकताना अनेकांना तिच्या आजारपणाची चाहूल लागते. ते तिच्यावर अन्याय करणारे आहे. १९६५ मधल्या त्या वादनात भविष्याची सावली नाही. आहे ती विशीतल्या कलावतीची निर्भय ताकद. त्या स्वरांना करुण कहाणीचे पार्श्वसंगीत करून टाकले, की तिने कमावलेली विद्या नजरेआड होते.

फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनमधील तिच्या अखेरच्या मैफलीत एल्गारच होता. संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता, तिच्या १९६७ मधील जेरुसलेमच्या विवाहाचे एक साक्षीदार. तोवर बोटांची संवेदना हरपू लागली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मल्टिपल स्क्लेरॉसिसचे निदान झाले. वादन थांबले, तरी शिकवणे तिने पुढे काही वर्षे चालू ठेवले. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, तिचे लंडनमध्ये निधन झाले.