मिल आणि शहाण्या मतदाराचा शोध

जॉन स्टुअर्ट मिल हे नाव मराठी वाचकाला परके नाही. आगरकरांच्या पिढीने ज्या पाश्चात्य विचारवंतांना गुरुस्थानी मानले, त्यांत मिलचा क्रम फार वरचा होता. व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता आणि स्त्रियांच्या समान हक्कांचा कैवारी हीच त्याची प्रतिमा आपल्या मनावर ठसलेली आहे. परंतु सर्वांच्या मताला सारखेच वजन असू नये, अकुशल मजुराला एक मत असेल तर वकील, वैद्य वा पदवीधर यांना पाच-सहा मते असावीत, असे सुचविणाराही हाच मिल होता. निवडणुकीचे दिवस आले की अडाण्यांच्या मतांनी देश बुडतो अशी कुरकूर आपल्याकडे सुशिक्षितांच्या बैठकीत हमखास ऐकू येते. तिच्यामागील विचार मिलइतक्या प्रामाणिकपणे आणि तपशिलाने क्वचितच कोणी मांडला असेल. त्याचे चरित्र या एका प्रश्नाच्या अंगाने पाहण्यासारखे आहे ते यासाठीच.

२० मे १८०६ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाला शाळेचे तोंड पाहावे लागले नाही. वडील जेम्स मिल यांनी त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवायला घेतले. हे वडीलही एक नमुनेदार गृहस्थ होते. त्यांनी १८१७ साली हिंदुस्थानचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला. त्यांनी या देशात कधी पाऊल टाकले नव्हते, येथील एकही भाषा त्यांना येत नव्हती. आणि हे उणेपण नसून नि:पक्षपातीपणाला उपकारकच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८२३ साली, सतराव्या वर्षी, मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत वडिलांच्याच हाताखाली चिकटला आणि कंपनीचे राज्य संपेपर्यंत, म्हणजे १८५८ पर्यंत, तेथेच राहिला. येथील संस्थानांविषयीचे खलिते वर्षानुवर्षे त्याच्या लेखणीतून उतरले. तोही हिंदुस्थानात कधी आला नाही. या देशाबद्दलची जेवढी कागदोपत्री माहिती त्याच्या टेबलावरून गेली तेवढी फार थोड्यांनी पाहिली असेल. आणि तरीही येथील लोक स्वत:चे प्रतिनिधी निवडण्यास अद्याप पात्र नाहीत, याविषयी त्याला शंका नव्हती. माहिती आणि समज यांतील अंतराचा याहून बोलका दाखला शोधावा लागेल.

मताधिकारासंबंधीची योजना त्याने १८५९ च्या एका पुस्तिकेत आणि १८६१ साली प्रातिनिधिक शासनावरील ग्रंथात मांडली. ज्याला लिहिता-वाचता आणि साधे हिशेब करता येत नाहीत त्याला मतच नसावे, ही पहिली अट. त्यावर पायऱ्या. कुशल कारागिराला दोन मते, मुकादमाला तीन, शेतीचा मालक, कारखानदार किंवा व्यापारी यांना तीन-चार, आणि ज्या व्यवसायांना दीर्घ अभ्यास लागतो त्यांना पाच-सहा. मिलवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ही जादा मते संपत्तीला मिळू नयेत असा त्याचा कटाक्ष होता. गरिबाने परीक्षा देऊन आपली बुद्धी सिद्ध केली तर त्यालाही ती मिळावीत आणि सुशिक्षितांच्या मतांची बेरीज उरलेल्या समाजाला दडपण्याइतकी होऊ नये, अशी तरतूदही त्याने सुचविली होती. स्त्रियांना तर तो पुरुषांच्या बरोबरीने हक्क देत होता. जिच्याशी सर्व विचारांची देवघेव चाले ती पत्नी हॅरिएट १८५८ च्या नोव्हेंबरात वारली होती. ही एक कल्पना तिच्याशी बोलायची राहून गेली आणि पुढे ती कोणालाच पसंत पडली नाही, असे त्याने आत्मचरित्रात सरळपणे नमूद केले आहे.

१८६५ साली वेस्टमिन्स्टरच्या काही मतदारांनी त्याला उमेदवारीची गळ घातली. त्याने घातलेल्या अटी आजच्या उमेदवाराला वेडेपणाच्या वाटतील. आपण एक पैसा खर्च करणार नाही, मतांसाठी दारोदार फिरणार नाही, मतदारसंघाच्या किरकोळ कामात लक्ष घालणार नाही, आणि स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करू. प्रचारात एका सभेला मुख्यत: कामगार जमले होते. इंग्लंडमधील श्रमजीवी वर्गाला खोटे बोलण्याची लाज वाटते, तरी तो बहुधा खोटेच बोलतो, असे मिलने त्या १८५९ च्या पुस्तिकेत लिहिले होते. विरोधकांनी ते वाक्य फलकावर छापून सभेत आणले आणि हे तुम्हीच लिहिले काय, असा सवाल टाकला. सारवासारव न करता मिलने लगेच होकार दिला. क्षणभरात सभा टाळ्यांनी दणाणून गेली. त्यानंतर ऑजर हा कामगारांचा पुढारी उठला आणि आमचे दोष दाखविणारा मित्र आम्हाला हवा, तोंडपुजा नको, अशा आशयाचे बोलला.

आता या प्रसंगाकडे मिलच्याच मोजपट्टीने पाहावे. श्रमजीवी वर्गातील बहुसंख्यांना त्या काळी मतच नव्हते. मिलचे तर्कशास्त्र वा अर्थशास्त्र समोरच्या श्रोत्यांपैकी कितीजणांनी वाचले असेल? कोणत्याही लेखी परीक्षेत ते कदाचित नापास झाले असते. पण समोर उभा असलेला माणूस गरजेपोटी खोटे बोलणाऱ्यांतला नाही, हे त्यांनी एका शब्दावरून ओळखले. प्रतिनिधी निवडताना मतदाराला जी पारख करावी लागते ती हीच. तिच्यासाठी मिलच्या योजनेत मात्र एकही जादा मत नव्हते.

मिल निवडून आला. २० मे १८६७ रोजी, आपल्या एकसष्टाव्या वाढदिवशी, त्याने सुधारणा विधेयकातील पुरुष या अर्थाच्या शब्दाऐवजी व्यक्ती हा शब्द घालण्याची सूचना मांडली. तिच्या बाजूने ७३ आणि विरुद्ध १९६ मते पडली. त्याच वर्षीच्या कायद्याने शहरांतील कामगारांना मोठ्या संख्येने मताधिकार मिळाला. १८६८ च्या निवडणुकीत विस्तारलेल्या मतदारवर्गाने जो कौल दिला, त्यात मिल पडला. रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांच्या दुकानांचा मालक डब्ल्यू. एच. स्मिथ पहिला आला. ब्रॅडलॉ या नास्तिकाच्या निवडणूक खर्चाला मिलने दिलेले दहा पौंड आणि जमेकात दडपशाही करणाऱ्या गव्हर्नर आयरला कोर्टात खेचण्याचा त्याचा आग्रह या दोन्ही गोष्टी त्याला भोवल्या. मतदार शहाणाच असतो असे म्हणणाऱ्याने हा पराभव विसरू नये. मिल पुन्हा संसदेत गेला नाही. मे १८७३ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्याँ येथे तो वारला आणि पत्नीशेजारी त्याचे दफन झाले.

त्याच्या प्रतिपादनातील एक सूत्र असे होते की, सार्वत्रिक शिक्षण आधी आणि सार्वत्रिक मताधिकार नंतर. ऐकायला हे निर्विवाद वाटते. इतिहासाने मात्र उलट क्रम पत्करला. मताधिकाराच्या विस्ताराला कडाडून विरोध करणारे रॉबर्ट लो यांनी १८६७ चा कायदा होताच भूमिका बदलली. आता हे लोक आपले धनी झाले आहेत, तेव्हा त्यांना शिकविण्याखेरीज गत्यंतर नाही, असे त्यांना वाटू लागले. प्राथमिक शिक्षणाचा कायदा १८७० साली आला आणि हजेरीची सक्ती १८८० साली. शाळेची निकड राज्यकर्त्यांना भासली ती मजुराच्या हाती मतपत्रिका पडल्यावर.

आपल्याकडे हाच क्रम अधिक ठळक आहे. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते आणि त्याच सुमारास १७ कोटींहून अधिक मतदारांची नावे यादीत चढली. निरक्षरांसाठी चिन्हे आली. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्व कागदावरच राहिले. शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष कायद्याने लागू झाला तो २०१० साली. शाळेसाठी मत थांबवून ठेवले असते, तर किती पिढ्या यादीबाहेर राहिल्या असत्या याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

डॉ. आंबेडकरांनी हा हिशेब फार आधी केला होता. सायमन कमिशनच्या कामासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीच्या अहवालाशी मतभेद असल्याने त्यांनी मे १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध हे समजणे जितके चूक, तितकेच साक्षर म्हणजे जाणता हे समजणेही चूक, असे त्यांचे त्यातील प्रतिपादन होते. ज्यांना शाळेची दारेच बंद ठेवण्यात आली त्यांना शिक्षण नाही म्हणून मतही नाकारणे, हा दुहेरी अन्याय त्यांना स्पष्ट दिसत होता. आणि गंमत अशी की, त्यांच्या बाजूचा एक बळकट मुद्दा मिलच्याच ग्रंथात सापडतो. सार्वजनिक कामात वाटा मिळाल्यानेच सामान्य माणसाची बुद्धी विस्तारते, असे मिल तेथे मोठ्या कळकळीने सांगतो. तसे असेल तर मत हीच शाळा ठरते. मग शाळेच्या दारातच परीक्षा कशासाठी?

अर्थात मिलची शंका एवढ्याने निकालात निघत नाही. जोडा कोठे चावतो हे ज्याचे त्याला कळते. नवा जोडा कसा शिवावा हे कळेलच असे नाही. १९७७ साली साक्षरतेत मागे असलेल्या उत्तरेकडील राज्यांनी आणीबाणीच्या सरकारला धूळ चारली, तर साक्षरतेत अग्रेसर असलेल्या केरळने काँग्रेसच्या आघाडीला सर्व २० जागा दिल्या. सक्तीच्या नसबंदीचा जाच उत्तरेने अधिक भोगला होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. तो निकाल देणाऱ्या निरक्षर मतदाराला राज्यघटनेच्या दुरुस्त्या ठाऊक नव्हत्या, आणि ठाऊक असण्याची गरजही पडली नाही. पण करांची फेररचना किंवा पाण्याचे वाटप यांसारख्या प्रश्नांवर भोगलेला अनुभव पुरा पडत नाही. तेथे माहिती लागते, आणि ती सोप्या भाषेत मतदारापर्यंत पोहोचविण्याचे काम वृत्तपत्रे, पक्ष आणि शिक्षक यांचे आहे. ते झाले नाही, तर दोष मतदाराच्या माथी मारता येणार नाही.

ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने पदवीधरांची जादा मते आणि विद्यापीठांच्या जागा रद्द केल्या. मिलची कल्पना तेथे संपली. आपल्याकडे ती वेगळ्या रूपात नांदते आहे. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून भरल्या जातात. म्हणजे पदवीधर कारकुनाला शेजारच्या हमालापेक्षा एक मत जास्त आहे, आणि पदवीधर असलेल्या माध्यमिक शिक्षकाला दोन. मात्र या याद्या दर निवडणुकीला नव्याने होतात. प्रत्येक वेळी अर्ज भरावा लागतो, पदवीचा पुरावा जोडावा लागतो. अडाणी मतदाराच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी मागच्या खेपेला तो अर्ज भरला होता?