राँटजेन: ज्यांच्यामुळे ऑपरेशननंतरची मान तपासता येते

आमच्या खानदेशात एक्स-रे काढला असं फारसं कोणी म्हणत नाही. फोटो काढला, म्हणतात. मानेचा फोटो काढला, मणक्यात गॅप निघाला, नस दबलीय... जळगाव असो की धुळे, दवाखान्याच्या बाकावर दहा मिनिटं बसलात तर हे कानावर पडतंच. आणि ज्यांचं मानेचं ऑपरेशन होतं त्यांच्या घरात पुढचे काही महिने तेच तेच प्रश्न फिरत असतात. मान पक्की झाली का? पट्टा काढायचा का? गाडी चालवली तर चालेल का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला डॉक्टर आजही आधी एक साधी, स्वस्त तपासणी करतात. ती ज्या माणसामुळे शक्य झाली त्यांचं नाव विल्हेल्म राँटजेन. शाळेत आपण हे नाव एका मार्कासाठी पाठ करतो आणि विसरून जातो. माझ्या मामांच्या मानेचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांचं चरित्र नीट वाचलं. वाचताना सारखं वाटत राहिलं, की या माणसाचा स्वभाव आणि मान पक्की झाली का हे ठरवायची डॉक्टरांची पद्धत, दोन्ही एकाच जातीचे आहेत. एकदा दिसलं म्हणून मानायचं नाही, पुन्हा तपासायचं.

दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय

राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेप गावचा. वडील कापडाचे व्यापारी. मुलगा तीन वर्षांचा असताना कुटुंब नेदरलँड्सला राहायला गेलं. पुढे उट्रेख्टच्या शाळेत कोणीतरी एका शिक्षकांचं व्यंगचित्र काढलं. ते कोणी काढलं हे राँटजेन यांना माहीत होतं, पण त्यांनी नाव सांगितलं नाही. शाळेने त्यांनाच काढून टाकलं.

म्हणजे हातात शाळा पास झाल्याचं सर्टिफिकेटच नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याशिवाय प्रवेश मिळू शकत होता, म्हणून १८६५ मध्ये ते तिकडे गेले. मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. एवढं होऊनही जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग विद्यापीठात शिकवायची परवानगी मिळेना, कारण तेच जुनं सर्टिफिकेट. पुढे १८८८ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि १८९४ मध्ये ते तिथले रेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू झाले.

त्या शुक्रवारी काय झालं?

८ नोव्हेंबर १८९५. राँटजेन पन्नास वर्षांचे होते. आतली हवा काढलेल्या काचेच्या नळीतून ते जास्त दाबाची वीज सोडून बघत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली, खोलीत अंधार. तरीही थोड्या अंतरावर ठेवलेला, रसायन लावलेला एक पडदा चमकायला लागला. पुठ्ठ्यातून प्रकाश तर बाहेर येऊ शकत नव्हता. मग हे काय येतंय?

आजच्या काळात असं काही दिसलं असतं तर पाच मिनिटांत व्हिडिओ अपलोड झाला असता. राँटजेन यांनी सात आठवडे जवळजवळ कोणाला काहीच सांगितलं नाही. जेवण आणि झोपही बऱ्याचदा प्रयोगशाळेतच. मधे कागद धरून पाहिला, पुस्तक धरलं, लाकूड, ॲल्युमिनियम, शिसं धरून पाहिलं. कशातून किरण जातात, कशात अडतात, याच्या नोंदी केल्या. २२ डिसेंबरला पत्नी बेर्ता यांचा हात फोटोच्या प्लेटवर ठेवायला लावला. साधारण १५ मिनिटं हात हलवायचा नाही. प्लेटवर बोटांची हाडं उमटली आणि एका बोटातली अंगठीही.

२८ डिसेंबरला त्यांनी शोधनिबंध दिला. किरण नक्की कसले आहेत ते कळलं नव्हतं, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येसारखं नाव दिलं, एक्स. नव्या वर्षाच्या सुरुवातीला निबंधाच्या प्रती आणि फोटो ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवले, आणि काही दिवसांत ही बातमी जगभर पसरली.

पुढची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. त्यांनी पेटंट घेतलं नाही. पुढच्या काही महिन्यांतच ठिकठिकाणचे डॉक्टर स्वतः नळ्या जमवून मोडलेली हाडं आणि शरीरात अडकलेल्या गोळ्या शोधायला लागले. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल राँटजेन यांना मिळालं, त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली.

दुखायचं थांबलं म्हणजे मान पक्की झाली?

आता मानेकडे येऊ. मानेत सात मणके असतात आणि दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोघांच्या मध्ये एक गादी. वयाप्रमाणे गादी झिजते, कडेने हाड वाढतं आणि नस किंवा मज्जारज्जू दबतो. माझे मामा रावेर तालुक्यातले, केळीचे शेतकरी. त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, पायातली चप्पल निसटली तरी कळेना. मज्जारज्जू दबल्याची ही ठरलेली लक्षणं. ऑपरेशनमध्ये गळ्याच्या पुढच्या बाजूने दोन झिजलेल्या गाद्या काढल्या, त्या जागी आधाराचे छोटे ठोकळे बसवले आणि वरून धातूची पट्टी स्क्रूने लावली.

तीन आठवड्यांत मामांचं दुखणं गेलं. मोटरसायकल काढून शेतात जायची तयारी सुरू झाली. घरात सगळ्यांना वाटलं, झालं बरं. डॉक्टरांनी मात्र नाही म्हणून सांगितलं.

का, ते सांगतो. स्लॅब टाकल्यावर सेंट्रिंग लगेच काढतात का? काँक्रीट पक्कं होईपर्यंत भार सेंट्रिंगवर असतो. मानेतली पट्टी आणि स्क्रू म्हणजे तेच सेंट्रिंग, फक्त ते सहसा काढत नाहीत. खरं काम हाडाचं. वरचा आणि खालचा मणका हाडाने एकमेकांना जुळायला काही महिने लागतात, कधी वर्षही. हाड जुळलंच नाही तर रोजच्या हालचालीने स्क्रू ढिले होऊ शकतात, पट्टी तुटूही शकते. दुखणं थांबतं ते दाब निघाल्यामुळे. हाड जुळलं की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मानेच्या मागून केलेल्या ऑपरेशनलाही हे लागू आहे. तिथे मज्जारज्जूला जागा करायला मणक्याची मागची कमान काढतात. नुसती कमान काढली तर काही जणांची मान पुढे हळूहळू पुढच्या बाजूला वाकते. म्हणून गरजेप्रमाणे मागून स्क्रू आणि सळ्या बसवतात, किंवा कमान पूर्ण न काढता दारासारखी एका बाजूने उघडून ठेवतात. मणके स्क्रूने धरून ठेवण्याच्या कामात महाराष्ट्राचंही नाव आहे. मुंबईच्या केईएममध्ये असताना डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके प्लेट आणि स्क्रूने पक्के करायची पद्धत १९९४ मध्ये मांडली. ती आज जगभर वापरली जाते.

दोन फोटो, एक तुलना

एकाच फोटोत मान सरळ आणि छान दिसू शकते. पण पक्केपणा कळतो हालचालीतून. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा बाजूने दोन एक्स-रे काढतात, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे नेऊन. मान पेशंटने स्वतः, झेपेल तेवढीच वाकवायची. दुसऱ्याने दाबायची नाही.

मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोजतात. जोडलेल्या मणक्यांच्या मागच्या टोकांमधलं अंतर दोन्ही फोटोंत १ मिलिमीटरपेक्षाही कमी बदललं, तर हाड जुळल्याची ती चांगली खूण. न जोडलेल्या ठिकाणी एक मणका दुसऱ्यावरून ३.५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला दिसला, किंवा शेजारच्या सांध्यांपेक्षा ११ अंशांहून जास्त वाकला, तर मान अस्थिर असल्याची शंका घेतात. शंका राहिलीच तर सीटी स्कॅन, त्यात हाडाचा पूल बनलाय का ते नीट दिसतं. एमआरआय महाग असला तरी तो सहसा झोपवून, न हलता काढतात. त्यात मज्जारज्जू दिसतो, हालचाल दिसत नाही.

मामांच्या तिसऱ्या महिन्याच्या फोटोंत थोडी हालचाल होती. पट्टा राहिला, ओझं बंद, आणि डॉक्टरांनी तंबाखू सोडायला लावली, कारण निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. सहाव्या महिन्याच्या दोन फोटोंत अंतर तेवढंच राहिलं. तेव्हा कुठे शेतात जायची परवानगी मिळाली.

व्हॉट्सॲपवर पाठवताना

मित्रांनो, इथे तुमचं काम आहे, कारण घरात मोबाईल तुमच्या हातात असतो. फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो मोजमापाला उपयोगी नाही. मोबाईल जरा तिरका धरला की कोन बदलतो, आणि फोटो पाठवताना ॲप तो दाबून लहान करतं, बारीक रेषा पुसट होतात. डिजिटल एक्स-रेची मूळ फाइल मागा. तिला डायकॉम म्हणतात, ती सीडीवर किंवा लिंकने मिळते. तिच्यात तारीख असते आणि एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, ही नोंदही असते. दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलमध्ये पेशंटचं नावही असतं, म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

शेवटची वर्षं

राँटजेन स्वतः बऱ्याचदा शिशाच्या आडोशाला राहून काम करत. सगळे तेवढे नशीबवान नव्हते. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली वर्षानुवर्षं किरणांसमोर हात धरत राहिले आणि १९०४ मध्ये कर्करोगाने गेले. आजच्या मानेच्या एक्स-रेत किरणांचा डोस फार कमी असतो. तरी गरजेपुरतेच काढायचे, आणि गरोदर बाईने आधी सांगायचं.

बेर्ता १९१९ मध्ये गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई इतकी भडकली की राँटजेन यांची बचत मातीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे खासगी कागद जाळून टाकण्यात आले.

तुमच्या घरात कोणाचं मानेचं ऑपरेशन झालं असेल, तर पट्टा काढायच्या आधी डॉक्टरांना एवढं विचारा, की मान वाकवून दोन फोटो काढायची गरज आहे का, आणि असेल तर कधी? आधीचे फोटो काढलेले असतील तर तेही सोबत न्या. तुलना करायला जुना फोटो लागतोच.