भूदानाआधीचे विनोबा : सूत कातून पोट भरून पाहिलेला माणूस

विनोबा भावे म्हटलं की भूदान आठवतं. पण ती चळवळ १९५१ ची. त्याच्या कितीतरी आधी वर्ध्याजवळच्या नालवाडीत हा माणूस दिवसाचे आठ-आठ तास सूत कातत बसायचा.

रायगडातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले, आश्रम सांभाळायला. खादी वापरा असं तेव्हा बरेच जण सांगत होते. विनोबांचा प्रश्न साधा पण अडचणीचा होता. दिवसभर कातणाऱ्या बाईचं त्या मजुरीत भागतं का?

१९३५ मध्ये, चाळिशीत, त्यांनी तेवढ्याच मजुरीवर जगून बघायचं ठरवलं. काही तास उजव्या हाताने, काही तास डाव्या हाताने. दिवसाला चार गुंड्या. ६४० तारांची एक गुंडी, एक तार म्हणजे चार फूट. हिशोब केला तर रोज तीन किलोमीटरहून जास्त सूत! हातात पडायचे दोन-अडीच आणे. एकट्या माणसाचं जेवण त्यात कसंबसं बसायचं. आणि पोरंबाळं असलेल्या बाईने काय करायचं?

त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचं ठरवलं. खादी महागली, ती महागली.

१९३८ मध्ये विनोबांचं वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आलं. तब्येतीसाठी ते धाम नदीकाठी पवनारला गेले. पुढे याच नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या आणि दर १२ फेब्रुवारीला तिथे मेळा भरू लागला. तिथे विनोबांनी लोकांकडे मागितली ती वर्षाला एक गुंडी, स्वतः कातलेली.